व्हॅनच्या सीटा काढून पलंग बसवताय? आधी आरसी बुक बघा

वारीला, देवदर्शनाला घरच्यांना घेऊन जाता यावं म्हणून जुनी इको किंवा ओमनी घ्यायची, मागच्या सीटा काढून लोखंडी पलंग वेल्ड करायचा. गॅरेजवाला दोन दिवसांत करून देतो, पण आरसीवर सीटा सात आणि गाडीत दोनच, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. पार्ट बसवून बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं, हे जास्त महागात जातं.

त्यापेक्षा सीटा जागेवर ठेवून त्यावर बसेल असा प्लायचा घडीचा पाट सुताराकडून करून घ्यावा. मुक्कामाला उघडायचा, गाडी निघताना दुमडून बांधायचा. काही वेल्डिंग नको, ड्रिलही नको.

गॅसची शेगडी मात्र बाहेरच पेटवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर गाडीच्या तळाशी साचतो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.