कारखान्याची आठवण कुठे राहते?



मागच्या व्याख्यानात आपण स्मृती आणि ज्ञान यांतला भेद पाहिला. न्यायशास्त्र स्मृतीला प्रमा मानत नाही, आधीच्या अनुभवाचा संस्कार जागा होणे म्हणजे स्मृती, इथपर्यंत आपण आलो होतो. ते संपल्यावर अंबरनाथहून आलेल्या एका श्रोत्यांनी आम्हाला गाठले. म्हणाले, "सर, आमच्या कापड कारखान्यात सगळी संगणकव्यवस्था बदलताहेत. तुमचे न्यायशास्त्र तिथे काय कामाचे?" प्रश्न रास्त आहे. आजचे व्याख्यान त्यालाच देऊ या.

आपला हा पट्टा कसा आहे बघा. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे नाव उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असेच म्हणतात. तिथे जीन्स शिवणारे छोटे छोटे कारखाने. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा अवाढव्य कारखाना. पुढे अंबरनाथ आणि बदलापूरला एमआयडीसी. म्हणजे एका लोकलच्या अंतरात खिशातल्या वहीवर चालणारा धंदाही आहे आणि चोवीस तास चालणारा रासायनिक प्रकल्पही. 'आधुनिकीकरण' हा शब्द दोघांना एकाच अर्थाने लावता येत नाही.

आणि कापडवाल्यांना संगणक परका नाही बरं का! १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकारने भोके पाडलेल्या पत्त्यांवर नक्षी विणणारा माग तयार केला. भोक आहे किंवा नाही, एवढ्याच भाषेत माग हुकूम पाळत असे. बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना तिथूनच घेतली. संगणक कापडाच्या घरी आला तो पाहुणा म्हणून नव्हे, माहेरी आला.

आता मुद्द्यावर येऊ. कारखान्यात संगणक दोन जातींचे असतात. एक कचेरीतला: बिले, पगार, साठा, जीएसटी. दुसरा यंत्राच्या पोटातला: तापमान, दाब, वेग सांभाळणारा. पहिला रविवारी बंद ठेवता येतो. दुसऱ्याचे तसे नाही. रेयॉनचेच घ्या. लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून दाट द्राव बनवतात, तो ठरावीक काळ मुरवतात, मग बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात. तिथे त्याचा धागा होतो. मुरण्याचा काळ फार लांबला तर द्राव नळ्यांतच गोठू लागतो. अशा ठिकाणी 'जरा बंद करून चालू करू' हे वाक्य चालत नाही.

म्हणूनच यंत्राशेजारी अजून विंडोज एक्सपी दिसते. तिचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण यंत्र उत्तम चालते आणि नवे घ्यायचे तर मोठा खर्च. मग करायचे काय? ते कचेरीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवायचे. मध्ये एकच दार, त्यावर पहारा. कचेरीत कुणी भलती ईमेल उघडली तर आग यंत्रापर्यंत पोचू नये. जून २०१७ मध्ये नोटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले तेव्हा आपल्या जेएनपीटीतल्या तिच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले होते. जाळे एक असले की संकटही एकच.

आता न्यायशास्त्र. नवी प्रणाली आणताना सर्वांत जास्त वेळ कशात जातो? यंत्रे बसवण्यात नव्हे, नावे ठरवण्यात. गोदामवाला म्हणतो 'दीडशेचा धागा', खरेदीवाला लिहितो '१५० डेनियर', आणि तिसऱ्याने टंकताना मध्ये एक जागा जास्त सोडलेली. (डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन.) माणसाला तिन्ही एकच कळतात, संगणकाला त्या तीन वस्तू. साठा भरपूर असताना नवी खरेदी होते ती अशी. लक्षणाचे दोष आपण शिकलो आहोत: जे यायला हवे ते सुटले तर अव्याप्ती, जे यायला नको ते शिरले तर अतिव्याप्ती. 'निळा रंग' असा एकच संकेतांक ठेवला तर दहा छटा त्यात घुसतील. प्रत्येक घाणीला वेगळा दिला तर त्याच छटेचा जुना माल शोधताना सापडणार नाही. वस्तूंची यादी करणे हे कारकुनी काम वाटते. खरे तर ते व्याख्या करण्याचे काम आहे, आणि ते गोदामवाल्याला बाजूला ठेवून होत नाही.

प्रतींचा नियम सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. 'दुसऱ्या जागी' म्हणजे शेजारच्या खोलीत नव्हे! २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केले ते इथल्या लोकांना सांगायला नको. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच कपाटातली त्याची प्रत एकाच पाण्यात जातात. आणि प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. ती अधूनमधून परत उघडून पाहावी लागते. न उघडलेली प्रत म्हणजे नुसती श्रद्धा.

शेवटी माणसे. आम्ही शिकवत होतो त्या महाविद्यालयात ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले तेव्हा जुनी कार्डे रद्दीत गेली. नावे, क्रमांक सगळे संगणकात नीट आले होते. पण कार्डांच्या मागे जुन्या ग्रंथपालांनी पेन्सिलीने लिहिले होते: कोणते पुस्तक कशाबरोबर वाचावे, कुठल्या प्रतीत पाने गहाळ आहेत. ते कुणी उतरवून घेतलेच नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता. आम्हीही तेव्हा गप्प बसलो, ही खंत आहे.

रंगखात्यातल्या मास्तरांची वही अशीच असते. पावसाळ्यात पाणी बदलते तेव्हा कृतीत काय फरक करायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. गिल्बर्ट राइलने १९४९ मध्ये 'अमुक आहे हे जाणणे' आणि 'कसे करायचे ते जाणणे' असा भेद केला. पहिले रकान्यात बसते. दुसरे थोडेसेच बसते. उरलेले शेजारी उभे राहून शिकावे लागते. म्हणून जुनी आणि नवी पद्धत काही काळ जोडीने चालवावी, आणि फरक पडला तर आधी मास्तरांना विचारावे, मग प्रणालीला. मास्तरांनाही शंका येणारच: वही दिली की माझी गरज संपली का? तिला मालकाने सरळ उत्तर द्यायला हवे. ते न देता वही मागितली तर मास्तर वही देतील, पण पेन्सिलीचा मजकूर मनातच ठेवतील.

तेव्हा अंबरनाथच्या आमच्या श्रोत्यांना एवढेच सांगू: नवा सर्व्हर बसेल, काळजी नको. जुनी वही रद्दीत जाण्याआधी तिची मागची बाजू मात्र वाचून घ्या.

पुढच्या वेळी याच भेदाचा धागा पकडून 'कौशल्य' म्हणजे काय ते पाहू.