पाच-सात माणसांची बैठक

एकटेपणा हा शहरातल्या बंद दारांचा रोग, आपल्या गावात त्याचे काय काम, असे पुष्कळांना वाटते. पण जरा आपल्याच आळीत नजर फिरवा. मुलगा पुण्याला नोकरीला, घरधनीण देवाघरी गेलेली. बाबा दिवसभर ओट्यावर बसून असतात. येणारेजाणारे 'राम राम' घालतात, पण शेजारी घटकाभर टेकत कोणी नाही. नवी सून दहा माणसांच्या घरात नांदते, पण मनातले बोलायला तिला माहेराखेरीज जागा नसते. कर्जाने गांजलेला शेतकरी पारावर पाऊसपाण्याच्या गप्पा मारतो, घरची अडचण मात्र गिळून टाकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली अहवाल काढला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि त्याने हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका वाढतो, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा ही नुसती मनाची कुरकुर नव्हे.

असे का झाले?

पूर्वी कामच माणसांना एकत्र आणी. इर्जिकीला दहा घरचे नांगर एका रानात जमत. सावडीने एकमेकांची कापणी-मळणी उरके. पहाटे जात्यावर दोघीजणी बसत आणि सुखदुःख ओवीतून बाहेर पडे. मग ट्रॅक्टर आला, गिरणी आली, नळ दारात आला. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. जाते पुन्हा ओढा, असे कोणी म्हणणार नाही. पण कामाबरोबर आपोआप होणारी भेट गेली. ती आता ठरवून घडवावी लागेल.

बैठक कशी बसवावी?

माणसे पाच ते सात पुरेत. अध्यक्ष नको, पावतीपुस्तक नको. वार, वेळ आणि जागा मात्र ठरलेली हवी; 'सवड मिळाली की बसू' म्हटले की सवड मिळत नाही. हाताला काही काम असावे. बायकांनी शेवया कराव्यात, गोधडी शिवावी. पुरुषांनी बियाणे निवडावे, दोर वळावा. हात चालू असले की जीभ मोकळी होते. बचत गट असेल तर हिशेब मिटल्यावर लगेच उठू नका, अर्धा तास बसा.

नियम तीनच ठेवावेत. इथले बोलणे इथेच राहील. उसनवारी आणि निवडणूक बैठकीत येणार नाही. आणि जो दोनदा आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन येईल. तिसरा नियम सर्वांत मोलाचा.

कुणाला वगळू नका

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गाव जमतो आणि विधवा बाई दाराआड उभी राहते. जिला सोबतीची गरज अधिक, तीच बाहेर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या बैठकीला ठरावाचीही गरज नाही; नुसते बोलावणे पुरे.

सल्ला कमी, ऐकणे अधिक

नाशिक जिल्ह्यात २०१३ साली 'आत्मीयता' नावाचा उपक्रम सुरू झाला. गावातल्याच स्त्री-पुरुषांना दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याचे शिक्षण त्यात दिले गेले. पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातही गेला. बैठकीत कोणी बोलू लागला तर 'त्यात काय एवढे!' म्हणू नका. पुरते ऐका, मग विचारा, 'आम्ही काय करू?'

कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा काढली, तर ती थट्टा समजू नका. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक रात्रंदिवस चालतो. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता हे वाचून झाले की आळीतली पाच नावे काढा. त्यात एक नाव असे असू द्या, ज्याच्या घरी वर्षभरात आपण गेलेला नाही. पहिले बोलावणे त्यालाच करा.