नवा अध्यक्ष आणि जुनीं गाऱ्हाणीं

अमेरिकेचा अध्यक्ष नोव्हेंबरांत निवडला जातो. अधिकार मात्र २० जानेवारीस मिळतो. मधल्या सुमारें अकरा आठवड्यांत गाऱ्हाणीं मांडणारांची रीघ लागते. २००८ सालीं निवडून आलेले ओबामा हे पूर्वी स्वतः शिकागोच्या गरीब वस्त्यांतले कार्यकर्ते. तेव्हां वस्त्यावस्त्यांतले कार्यकर्ते मोठ्या आशेनें राजधानीस गेले.

पदरांत काय पडलें? कायदेशीरपणें आलेल्या परदेशी मुलांना सरकारी आरोग्यविम्यासाठीं पांच वर्षें थांबावें लागे. ती अट सोडण्याची मुभा ४ फेब्रुवारी २००९ च्या कायद्यानें राज्यांना मिळाली. परवान्यावांचून राहणारांना नागरिकत्वाची वाट देणारें विधेयक मात्र २०१३ सालीं सेनेटांत संमत होऊनही प्रतिनिधिगृहांत अडलें.

अध्यक्षपदीं आपला माणूस बसला, तरी कायदा करणारीं सभागृहें निराळीं. अर्ज दोन्ही दारीं द्यावा लागतो, हाच बोध.