दैनंदिन खगोलचित्र

दैनंदिन खगोलचित्र : खगोलीय विषयावरील एक चित्र वा छायाचित्र व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेल्या संक्षिप्त स्पष्टीकरणासह रोज प्रसिद्ध करणारे आंतरजालावरील संकेतस्थळ. ‘ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘एपॉड’ असेही म्हणतात. रॉबर्ट नेमिरॉफ व जेरी बोनेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञांनी ते १६ जून १९९५ रोजी सुरू केले. पहिले चित्र संगणकनिर्मित होते. पृथ्वीची घनता न्यूट्रॉन ताऱ्याइतकी झाल्यास तिच्या तीव्र गुरुत्वाकर्षणाने मागील ताऱ्यांचा प्रकाश कसा वाकेल, हे त्यात दाखविले होते.

पृष्ठाची मांडणी साधी असून जुनी चित्रे दिनांकवार जतन केलेली आहेत. स्पष्टीकरणातील शब्दांना अधिक माहितीचे दुवे जोडलेले असतात. त्यामुळे काही मिनिटांच्या दैनंदिन वाचनातून सामान्य वाचकास या शास्त्राचा क्रमाक्रमाने परिचय होतो.

चित्राइतकेच स्पष्टीकरणही महत्त्वाचे असते. कारण खगोलीय चित्रांतील रंग पुष्कळदा नैसर्गिक नसतात. हबल दूरदर्शकाने १९९५ मध्ये घेतलेल्या गरुड अभ्रिकेतील वायुस्तंभांच्या सुप्रसिद्ध चित्रात गंधकाच्या प्रकाशास तांबडा, हायड्रोजनाच्या प्रकाशास हिरवा व ऑक्सिजनाच्या प्रकाशास निळा रंग दिलेला आहे. वास्तविक हायड्रोजनाचा तो प्रकाश तांबडाच असतो. स्पष्टीकरण वगळून चित्र अन्यत्र प्रसृत झाल्यास हा भेद लोपतो आणि सौंदर्याचा आस्वाद घेणाऱ्याच्या मनात वस्तुस्थितीविषयी गैरसमज रुजतो.