प्रतिपिंडे भरपूर, तरी विषाणू शाबूत

गोवर येऊन जातो, मूल बरे होते, शाळेत जाऊ लागते. मग सहा-आठ वर्षांनी ते अभ्यासात मागे पडते, हातापायांना झटके येऊ लागतात, हळूहळू बोलणे-चालणेही थांबते. ‘एसएसपीई’ नावाचा हा मेंदूचा आजार दुर्मिळ आहे, पण बहुतेकदा जीव घेऊनच थांबतो. तो होतो गोवराच्याच विषाणूमुळे. आणि अशा मुलांच्या रक्तात, मेंदूभोवतालच्या द्रवात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे कमी नसतात, उलट भरमसाट असतात. मग ती करतात तरी काय?

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत मायकेल ओल्डस्टोन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात याचा माग काढला. गोवराची लागण झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूची ‘एच’ आणि ‘एफ’ ही प्रथिने डोकावत असतात. प्रतिपिंडाला दोन हात. एकाने एक प्रथिन धरायचे, दुसऱ्याने शेजारचे. असे होत होत विखुरलेल्या प्रथिनांचे पुंजके बनतात आणि सरकत पेशीच्या एका टोकाला टोपीसारखे जमतात. तिथून ते गळून पडतात किंवा पेशी त्यांना आत ओढते. पृष्ठभागावर विषाणूची खूणच जवळपास उरत नाही. अशा पेशीवर रक्तातली, लागण झालेल्या पेशी फोडणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिने सोडली, तरी ती बचावते. प्रतिपिंडे काढून घेतली, की विषाणूची प्रथिने पुन्हा वर येतात!

१९७९ साली रॉबर्ट फुजिनामी आणि ओल्डस्टोन यांनी याहून थक्क करणारी गोष्ट दाखवली. प्रतिपिंडे चिकटतात बाहेरून, पण त्यामुळे पेशीच्या आतली विषाणूची प्रथिनेही बदलतात.

अर्थात, हे प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये दिसले. एरवी प्रतिपिंडे आपले रक्षणच करतात. एसएसपीईमध्ये विषाणूच्या जनुकांतले बदलही मोठे असतात. त्याचे ‘एम’ प्रथिन बहुधा बिघडलेले असते. तरीही विषाणू मेंदूत वर्षानुवर्षे कसा दडून राहतो, या कोड्यातला हा एक महत्त्वाचा दुवा आहे, असे मला वाटते.

एसएसपीईवर खात्रीचा इलाज आजही नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका सर्वाधिक. २०२२ साली मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा तान्ही मुलेही त्यात सापडली. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात मिळतो, सरकारी केंद्रात मोफत. आपल्या घरातल्या मुलाचे लसीकरण कार्ड आजच काढून पाहा. दुसरा डोस राहिला असेल, तर तो टोचून घ्या.