मुगाच्या बेवडावर गहू

बन्सी गव्हाच्या शेवया दुधात घालून ओरपता ना तुम्ही, तो गहू आमच्या लहानपणी पाणी न देता यायचा. पेरल्यापासून कापेपर्यंत पाटाचं पाणी नाही, विहिरीचं नाही, आणि हिवाळ्यात आभाळ आलंच नाही तर पावसाचा थेंबही नाही. हसू नका. गहू काही तहानलेला नव्हता. त्याचं खाणंपिणं पेरणीच्या आधीच जमिनीत भरलेलं असायचं. ते कोण भरायचं, त्याची ही गोष्ट.

आधी पाणी. आपल्या बीड जिल्ह्यात वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलीमीटर पाऊस, तोही पडला तर. आष्टी-पाटोद्याकडं बालाघाटाचं हलकं, मुरमाड रान; तिथं बाजरी बरी. पण गेवराई-माजलगावकडं गोदावरी आणि सिंदफणेच्या अंगानं गेलात की काळी माती खोलच खोल. ही माती मोठी अजब आहे. तिचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्या-पापुद्र्यांचे. पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसते, मग हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते आणि पावसाळ्यात फुगली की पुन्हा वर रेटली जाते. नांगर न लावता रान आपलं आपणच उलटंपालटं होतं. अशी मीटरभर माती दीड-दोनशे मिलीमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. गव्हाचं तेवढ्यावर भागतं, पण माती पुरती भिजलेली असली तर.

आणि इथंच मूग येतो. आपल्याकडं भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा: पूर्वा, उत्तरा, मग हस्त. त्या वेळी शेतात कापूस किंवा तूर उभी असली तर पडलेलं पाणी तीच पिते, आणि ती हलते कधी? डिसेंबर-जानेवारीत. मूग साठ-पासष्ट दिवसांत आटपतो. मृगात पेरला तर पोळ्याच्या आगेमागे शेंगा घरात आणि रान मोकळं. मग वखराच्या दोन-तीन पाळ्या घालायच्या, तण काढायचं, भेगा बुजवायच्या. हस्ताचं पाणी सगळं खाली मुरतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिफणीनं ओलीवर गहू पेरला की मुळं ओल धरत खाली खाली जातात.

मुगाची वाहवा लोक करतात ती नत्रासाठी. मला विचाराल तर कोरडवाहू रानात त्याचं पहिलं मोठेपण वेळेवर निघून जाण्यात आहे.

तरी नत्राची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती जादूची आहे. मुगाचं रोप फुलावर असताना हलकेच उकरून काढा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. “आजोबा, हा रोग का?” नाही रे. एक गाठ नखानं फोड. आत गुलाबी दिसलं तर कारखाना चालू आहे, हिरवट-करडं दिसलं तर बंद. तो गुलाबी रंग कशाचा, ठाऊक आहे? आपल्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, त्याच्याच गोतातला पदार्थ मुगाच्या मुळात असतो. गाठीत राहणाऱ्या जिवाणूंना श्वासाला प्राणवायू लागतो, पण त्यांचं नत्र बांधायचं यंत्र मोकळ्या प्राणवायूनं बिघडतं. तो गुलाबी पदार्थ प्राणवायू धरून ठेवतो आणि मोजून मोजून पोचवतो. हवेतला नत्र फोडायला युरियाच्या कारखान्यात चार-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. मुगाच्या गाठीत तेच काम आपल्या मातीच्या गारव्यात होतं, आणि मजुरी म्हणून जिवाणूंना मिळते पानांनी केलेली साखर.

हे कोडं उलगडलं जर्मनीत. हेलरीगेल आणि विलफार्ट या दोघांनी निव्वळ वाळूत ओट आणि वाटाणा वाढवून पाहिला. ओटला जेवढा नत्र द्यावा तेवढाच तो वाढे. वाटाण्याला नत्र नसला तरी चाले, फक्त वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घालायला हवं. तेच पाणी उकळून घातलं की वाटाणा उपाशी! म्हणजे त्या पाण्यात कुणीतरी जिवंत होतं. 1886 साली त्यांनी हे बर्लिनच्या सभेत सांगितलं, आणि दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकनं तो जिवाणू वेगळा काढून दाखवला. आज परभणीच्या कृषी विद्यापीठात त्याचं पाकीट मिळतं. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम चोळायचं. मात्र मुगाचा जिवाणू हरभऱ्याला चालत नाही. ज्याचं त्याला.

पण हिशोब चोख ठेवा. मुगानं बांधलेल्या नत्रातला मोठा वाटा शेंगांतून तुमच्या वरणात जातो. रानात उरतो तो मुळं, गाठी आणि गळलेला पाला. वेलसुद्धा उपटून गुरांना घातले तर बेवड कसला राहणार, म्हणजे पुढच्या पिकासाठी रानात मागं काय उरणार? जिरायत गव्हाला हेक्टरी 40 किलो नत्राची शिफारस आहे. मूग त्यातला काही भार उचलतो, सगळा नाही.

आता उलटा बेवड. ज्वारीवर ज्वारी घेत गेलं की रान थकतं. धसकटं कुजवणाऱ्या जिवाणूंना खायला कर्ब भरपूर मिळतो, नत्र कमी पडतो. मग ते मातीतला नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. शिवाय टारफुला येतो. जांभळट-पांढऱ्या फुलांचं हे देखणं तण ज्वारीच्या मुळालाच तोंड लावतं. त्याचं बी धुळीसारखं बारीक, मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. ज्वारीचं मूळ जवळ आलं की जागं होतं. कसं कळतं त्याला? मुळं एक रस सोडतात. तो रस टारफुल्यासाठी नसतोच; मातीतल्या मित्र-बुरशीला ते बोलावणं असतं, की ये, स्फुरद घेऊन ये. शेजारी फोडणी बसली की बिनबोलावलेला पाहुणाही दारात उभा राहतो, तसा हा चोर येतो. गंमत पुढंच आहे. हा रस शास्त्रज्ञांनी 1966 साली पहिल्यांदा वेगळा काढला तो ज्वारीतून नाही, कापसाच्या मुळांतून! कापसातही तसलाच रस. टारफुल्याचं बी फसतं, उगवतं, पण कापसाच्या मुळात त्याला शिरता येत नाही आणि ते उपाशी मरतं. बुरशीला बोलावणं हे त्या रसाचं खरं काम आहे, हे कळायला मात्र 2005 साल उजाडलं.

“पण आजोबा, हे सगळं खरंच मोजलंय का कुणी?” मोजलंय. हैदराबादजवळ पाटनचेरूला, इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेत, 1976 पासून आपल्यासारख्याच काळ्या रानाचे तुकडे शेजारी शेजारी कसलेत. एकात जुनी रीत: पावसाळाभर पड, मग रब्बी ज्वारी नाहीतर हरभरा. दुसऱ्यात रुंद वरंबे, खत, आणि तूर-हरभऱ्यासारखी डाळवर्गी पिकं धान्याबरोबर फिरवलेली. जुन्या तुकड्यात वर्षाला सरासरी हेक्टरी 1.1 टन धान्य, नव्यात 5.1. सगळं श्रेय फेरपालटीला देणं चुकीचं. वरंब्यांचा आणि खताचाही वाटा आहेच. पण मातीतला कर्बही नव्या तुकड्यातच जास्त भरला, आणि तो बाजारातून गोणीत भरून आणता येत नाही.

फेरपालटीनं सगळंच भागतं असंही समजू नका. गव्हावरचा तांबेरा मातीत बसत नाही. प्राध्यापक के. सी. मेहतांनी आयुष्य घालवून शोधलं की आपल्या मैदानी उन्हात तो मरतो, डोंगरांच्या थंडाव्यात तगतो आणि वाऱ्यावर परत येतो. दक्षिणेकडून येणारा नीलगिरी-पळणीचा. शेतात आदल्या वर्षी काय होतं, हे तो विचारत नाही.

आता जिल्ह्यात कोरडवाहू गहू शोधावा लागतो. निफाडच्या संशोधन केंद्राचा पंचवटी हा जिरायतासाठीचा बन्सी गहू हेक्टरी 12 ते 15 क्विंटल देतो. सोयाबीन-कापसाच्या हिशोबात तो बसत नाही, आणि त्यात शेतकऱ्याला बोल लावण्यासारखं काही नाही. बरेच जण सोयाबीनवर हरभरा, पुन्हा सोयाबीन, पुन्हा हरभरा घेतात. दोन्ही डाळवर्गी, म्हणून बेवड छान असं त्यांना वाटतं. मग हरभरा मधेच माना टाकतो. मर रोगाची बुरशी हरभरा नसतानाही मातीत सहा-सहा वर्षं टिकते, आणि दरवर्षी तिच्या तोंडी हरभरा दिला तर ती वाढतच जाते. तिथं गव्हाची पाळी येते. गव्हावर या बुरशीचं पोट भरत नाही. मग तिचं बळ उतरतं.

“म्हणजे सहा वर्षं हरभरा नाही?” एवढं कोण थांबतं! दोन-तीन वर्षं त्या रानात गहू, ज्वारी, करडई फिरवायची, आणि नंतर हरभरा घ्यायचा तो विजयसारखा मर न लागणारा वाण पाहून.