लाज आपली, मार कुत्र्याला

नर कुत्रा पाहुण्यांच्या पायाला मिठी मारून कंबर हलवू लागला की घरोघरी दोनच निदानं ऐकू येतात. ‘वयात आलाय, त्याला मादी हवी’ हे पहिलं. ‘डोक्यावर बसायला बघतोय, दाबून ठेवा’ हे दुसरं. निदान कुठलंही असो, त्यापाठोपाठ त्याच्या पाठीत धपाटा बसतो. तो का बसला हे त्या बिचाऱ्याला कधीच कळत नाही.

पहिल्या निदानात थोडं तथ्य आहे. मादी माजावर आली की तिचा गंध नराला लांबूनही लागतो. आपल्याकडे भाद्रपदात गल्लोगल्ली काय चालतं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसांत घरातला नरही जेवणाकडे पाठ फिरवतो, दारापाशी कुंईकुंई करतो. पण वयात यायला कित्येक महिने असलेली इवलीशी पिल्लंही खेळता खेळता एकमेकांवर चढतात. माद्या चढतात, नसबंदी झालेले नरही चढतात. म्हणजे प्रत्येक वेळी कारण कामवासनेचं नसतं. पुष्कळदा कुत्र्याला आनंद किंवा ताण झेपत नाही, एवढंच झालेलं असतं. बेल वाजते, चार माणसं एकदम आत येतात, मोठमोठ्यानं बोलतात. उतू चाललेल्या दुधासारखी त्याची उत्तेजना कुठून तरी बाहेर पडते.

‘वर्चस्वा’ची समजूत मात्र मुळापासून उखडायला हवी. ती आली लांडग्यांवरून. १९४७ साली प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ नर, म्हणजे भांडून कळपाचा म्होरक्या झालेला नर, जगभर पोचला. जंगलातले लांडगे अनेक वर्षं पाहिल्यावर याच मेक यांनी १९९९ मध्ये मांडलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनवणीही त्यांनी प्रकाशकाला केली. कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणारे काही प्रशिक्षक अजून त्याच जुन्या कल्पनेवर चाललेत, याचं वाईट वाटतं.

मग करायचं काय? कुत्रा चढण्याआधी इशारे देतो. धाप लागते, तो माणसाभोवती घुटमळतो, पाय हुंगतो, चाटतो, एक पंजा वर ठेवून बघतो. हाक मारायची वेळ ती. नावानं बोलवा, ‘बस’ म्हणा, बसला की लगेच खाऊ द्या. पाहुणे येणार असतील तर आधी निवांत फिरवून आणा आणि रस्त्यावर हवं तितकं हुंगू द्या. पहिली दहा मिनिटं पट्टा हातात ठेवा, किंवा चघळायला काही देऊन शेजारच्या खोलीत बसवा. तरीही चढलाच, तर न ओरडता पट्ट्यानं बाजूला घ्या आणि शांत झाला की पुन्हा सोडा. आरडाओरडा, हसणं, ढकलाढकली यातून त्याला हवं ते लक्ष मिळतं आणि सवय पक्की होते. घरातल्या एकानं रागवायचं आणि दुसऱ्यानं मोबाइलवर चित्रण करायचं, असं असेल तर शिकवणं विसराच. बागेत तो दुसऱ्या कुत्र्याला सोडत नसेल तर लगेच बोलावून घ्या. समोरचा चिडला तर चावाचावी होते.

नसबंदीचा उपयोग होतो, पण ती जादू नव्हे. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ नर कुत्रे होते. नसबंदीनंतर चढण्याचं प्रमाण त्यांतल्या साधारण ६० टक्के कुत्र्यांत निम्म्यानं किंवा त्याहून जास्त घटलं. सवय पूर्णपणे सुटलेले त्याहून बरेच कमी होते. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांची नसबंदी फार लहान वयात केली तर सांध्यांचे विकार वाढू शकतात, म्हणून वेळ पशुवैद्यांशी बोलूनच ठरवावी.

आधी कधी न करणारा कुत्रा अचानक चढू लागला, इंद्रिय सतत चाटू लागला, थेंबथेंब लघवी करू लागला, तर तो प्रश्न वळणाचा नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रोस्टेटचा त्रास, त्वचेची खाज यांपैकी काहीही असू शकतं. इंद्रिय बाहेर येऊन आत जात नसेल तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. आणि दिवसाकाठी एखाद्या वेळी तो आपल्याच जुन्या उशीवर चढत असेल, कुणाला त्रास नसेल, तर त्याला करू द्या.